घरची भाषा, शाळेची भाषा आणि मधले पुस्तक



ह्या सदराकडे जी पत्रे येतात त्यांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलेला असतो. मुलाला डच भाषा नीट येईपर्यंत घरात मराठी बोलणे थांबवावे काय? कधी तो नोकरीनिमित्त नुकत्याच रॉटरडॅमला आलेल्या तरुण दांपत्याचा असतो, तर कधी नातवाशी बोलायला शब्द सापडत नाहीत म्हणून कष्टी झालेल्या आजोबांचा. पत्रोत्तरी दोन ओळी लिहून भागवावे असा हा विषय नाही. म्हणून आजचे सदर त्यासाठीच राखून ठेवले आहे.

माझे उत्तर 'थांबवू नये' असे आहे. त्याही पुढे जाऊन मी म्हणेन की नुसते बोलणे पुरेसे नाही. घरात मराठी पुस्तक वाचले गेले पाहिजे, आणि तेही शाळेतील डच सुधारावे म्हणून. हे विधान प्रथमदर्शनी उफराटे वाटेल. तेव्हा ते का करतो ते सांगणे प्राप्त आहे.

माझ्या परिचयातील एका घरी पाच वर्षांचा मुलगा होता. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट तो आईकडून रोज रात्री ऐके, आणि वाघ आला की पांघरुणात शिरे. शाळेतील बाईंनी सद्भावनेनेच सुचविले की आता घरात डचच बोलत जा. आईचे डच बाजारापुरते. परिणाम असा झाला की त्या माउलीचे मुलाशी बोलणे 'ये', 'खा', 'लवकर', 'झोप' ह्या चार शब्दांवर आले. म्हातारी गेली, वाघ गेला, भोपळाही गेला. दीड वर्षाने त्याच शाळेने कळविले की मुलाचा शब्दसंग्रह फार तोकडा आहे आणि त्याला गोष्ट सुसंगत सांगता येत नाही. कशी येणार? गोष्टीला आरंभ असतो, मध्ये अडचण येते, पुढे काय होईल ह्याची ओढ लागते आणि शेवटी सुटका होते, हे त्याला ज्या भाषेत कळत होते ती भाषाच घरातून काढून टाकली होती. आईच्या मोडक्या डचमधून त्या जागी दुसरे काहीच आले नव्हते.

वाचायला शिकणे म्हणजे अक्षर आणि ध्वनी ह्यांची जोडी लावणे एवढेच असते, तर हा प्रश्न उद्भवला नसता. हुशार मूल ती जोडी काही महिन्यांत लावते. पण वाक्य वाचून झाल्यावर त्याचा अर्थ मनात उभा राहावा लागतो, न लिहिलेलेही ताडावे लागते, आणि पुढच्या पानावर काय असेल ह्याचा अंदाज बांधावा लागतो. ही शक्ती एका भाषेत कमावली की दुसरीत कामी येते. कॅनडातील जिम कमिन्स ह्या अभ्यासकांनी १९७९ साली हा विचार 'भाषांचे परस्परावलंबन' ह्या अर्थाच्या नावाने मांडला; त्यापूर्वी १९५३ सालीच युनेस्कोने शिक्षणातील मातृभाषांच्या वापरावर अहवाल काढून आरंभीचे शिक्षण मातृभाषेतून व्हावे असे सांगितले होते. आपल्या आज्यांना हे सिद्धान्त ठाऊक नव्हते. गोष्टी मात्र ठाऊक होत्या.

ज्या गावी आपण राहतो त्या गावाचा ह्या बाबतीत मोठा अधिकार आहे. ग्रोटे केर्कप्लेनवर हातातील पुस्तकाचे पान उलटीत उभा असलेला इरॅस्मसचा पुतळा आपण येताजाता पाहतो. हेंड्रिक दे कैसर ह्या शिल्पकाराचा तो पुतळा १६२२ सालचा. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्याच गावी जन्मलेला हा विद्वान लॅटिन शिकविण्याच्या पद्धतीविषयी फार बोलला आहे, आणि लॅटिन ही तर त्या काळच्या प्रत्येक मुलाला परभाषाच होती. १५११ साली त्याने अध्ययनपद्धतीवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात तो म्हणतो की व्याकरणाचे नियम थोडके आणि नेमके शिकवावेत. भाषा येते ती चांगले बोलणाऱ्यांच्या संगतीने आणि चांगल्या लेखकांच्या वाचनाने. विद्यार्थ्यांना सराव व्हावा म्हणून त्याने संवाद लिहिले. ते १५१८ साली छापून निघाले, आणि पुढच्या आवृत्त्यांत वाढत वाढत त्यांचे असे खुमासदार वाङ्मय झाले की शाळेशी संबंध नसलेली माणसेही ते वाचू लागली. सरावाचे पुस्तक स्वतःच साहित्य झाल्याचे एवढे उत्तम उदाहरण माझ्या तरी माहितीत दुसरे नाही. त्याने जमविलेला म्हणींचा ग्रंथ तर त्याआधीचा, १५०० सालचा. म्हण ही भाषेची सर्वांत लहान पण संपूर्ण साहित्यकृती आहे, हे ज्यांच्या घरात 'नाचता येईना अंगण वाकडे' नित्य ऐकू येत होते त्यांना वेगळे सांगायला नको.

जाता जाता एक गंमत. मुलांच्या शिक्षणावरील १५२९ च्या पुस्तकात इरॅस्मसने अक्षरांच्या आकाराची खाद्ये करून मुलांना देण्याच्या जुन्या युक्तीचा उल्लेख केला आहे. अक्षर ओळखले की ते खायला मिळे. इथे डिसेंबरात दुकानोदुकानी चॉकलेटची अक्षरे मांडलेली दिसतात, ती पाहिली की मला हटकून त्याची आठवण होते. आपल्याकडे धूळपाटी होती. खायला काही मिळत नसे, पण पुसून पुन्हा काढायला मोकळीक होती.

एवढा थोर सुपुत्र लाभूनही ह्या देशातील वाचनाची आजची स्थिती चिंताजनक आहे. २०२२ च्या 'पिसा' ह्या आंतरराष्ट्रीय चाचणीत नेदरलँड्समधील पंधरा वर्षांच्या मुलांचे वाचनातील सरासरी गुण ४५९ भरले. २०१८ मध्ये ते ४८५ होते. सुमारे एक-तृतीयांश मुले किमान अपेक्षित पातळीच्या खाली आढळली. कारणे अनेक सांगितली जातात, पण शिक्षकवर्गात ज्याची विशेष चर्चा झाली ते माझ्याही अनुभवाला पटते. वाचन शिकविण्यासाठी मुलांपुढे कोठून तरी कापून आणलेला वीस ओळींचा तुकडा ठेवायचा आणि 'मुख्य कल्पना कोणती?', 'हे सर्वनाम कोणाबद्दल आहे?' असे प्रश्न विचारायचे. आज मधमाशा, उद्या अग्निशामक दल, परवा अंटार्क्टिका. मुलाने एकाही तुकड्यात जीव गुंतवू नये अशीच जणू योजना. परभाषेत शिकणाऱ्या मुलाचे ह्यात दुहेरी नुकसान होते. प्रत्येक तुकड्याबरोबर नवे शब्द येतात आणि ते पक्के होण्याआधीच निघून जातात. अखंड पुस्तकात तेच शब्द, तीच माणसे, तेच घर पुन्हा पुन्हा भेटते. दहाव्या प्रकरणापर्यंत मूल त्या घरी पाहुणा राहत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. मातृभाषेतील साक्षरता आणि परभाषेचे शिक्षण ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीने साहित्याच्या आधाराने केल्याचे उदाहरण फलटणला आहे. डॉ. मॅक्सीन बर्नसन ह्या मूळच्या अमेरिकन बाई. १९६० च्या दशकात त्या फलटणला आल्या, मराठी शिकल्या, आणि फलटणच्या बोलीत समाजगटांनुसार कसा फरक पडतो ह्या विषयावर त्यांनी १९७३ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे त्या भारताच्या नागरिक झाल्या. लेखिका जाई निंबकर ह्यांच्या सहकार्याने त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके आणि वाचनपुस्तके तयार केली. ही झाली परभाषेची बाजू.

दुसरी बाजू माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. फलटणच्या वस्त्यांतील जी मुले शाळेत जाऊनही वाचू शकत नव्हती त्यांना त्या शिकवू लागल्या. १९७८ साली 'प्रगत शिक्षण संस्था' निघाली आणि १९८६ साली 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा. मराठी मुलांना मराठी वाचता येऊ नये, हे आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण ज्या मुलाच्या घरी 'पानी' म्हणतात त्याला शाळेत 'पाणी' लिहावे लागते, आणि 'पानी' उच्चारल्याबद्दल जर हसे झाले तर ते मूल तोंडच मिटून घेते. त्याच्यापुरती प्रमाण मराठी ही परभाषाच असते. बर्नसनबाईंनी मुळाक्षरांची 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंतची जुनी माळ बाजूला ठेवली आणि अक्षरांचे लहान लहान गट केले. पहिल्या गटाबरोबरच अर्थपूर्ण शब्द आणि वाक्ये वाचता यावीत असा त्यात हिशेब होता. बावन्न अक्षरे पाठ होईपर्यंत मुलाला एकही गोष्ट वाचायला मिळू नये, हा जुना खाक्या त्यांनी मोडला. त्याचबरोबर मुलांचे स्वतःचे बोलणे, त्यांचे अनुभव, गोष्टी आणि कविता वर्गात आल्या.

ह्या उदाहरणाचे मला मोल वाटते ते अशासाठी, की रॉटरडॅममध्ये वाढणारी आपली मुले ह्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी उभी आहेत. डचच्या दृष्टीने ती फलटणला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यासारखी आहेत आणि मराठीच्या दृष्टीने फलटणच्या वस्तीतील मुलासारखी. बोलता येते, पण पुस्तकातील भाषा अनोळखी. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगडातील, ज्या गावांवरून आपली आडनावे पडली तेथील बोली आपल्या घरांत अजून थोडीफार टिकून आहे. मुलाच्या तोंडी ती आली तर कृपा करून हसू नका. तिच्यावरूनच पुस्तकातील मराठीकडे जायचे आहे.

आपल्या समाजाला हा मार्ग नवा नाही. एकोणिसाव्या शतकात आपल्या पूर्वजांपुढेही असाच पेच होता, फक्त परभाषा डच नसून हिब्रू होती. प्रार्थना पाठ होत्या, पण अर्थ कळत नसे. ती वाट मराठीतूनच काढली गेली. डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली मुंबईत हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले, ते बेने इस्राएलांसाठीच. मिशनऱ्यांचा हेतू काय होता हे सर्वांस विदित आहे. पुस्तकाचा उपयोग मात्र आपल्या लोकांनी आपल्या हेतूने करून घेतला. जोसेफ इझिकेल राजपूरकर ह्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. पुण्यास १८७४ साली छापलेल्या हाग्गादात हिब्रूच्या जोडीला मराठी भाषांतर आहे, आणि चित्रांत साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. दोन भाषा शेजारी शेजारी, आणि चित्रात आपलेच घर. द्वैभाषिक पुस्तक कसे असावे ह्याची कल्पना आजच्या शिक्षकाने ह्या दीडशे वर्षांच्या जुन्या ग्रंथावरून घ्यावी.

त्याच सुमारास, १८८० च्या आगेमागे, बेंजामिन सॅमसन अष्टमकर आदी मंडळींनी आपल्यात कीर्तने सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे ह्यांची चरित्रे मराठी पद्यात, मराठी चालींवर, मध्ये गद्य निरूपण घालून. जमलेल्या बायकांमुलांत अक्षरशत्रू पुष्कळ असतील, पण त्यांना कथा समजली, पदे पाठ झाली, आणि अशा घरांतील मुले जेव्हा छापील मजकुरापुढे बसली तेव्हा त्यांतील भाषा त्यांच्या कानांत आधीच होती. आधी ऐकणे, मग म्हणणे, मग वाचणे. हाच क्रम मी वर्गात सोमालियाच्या, सीरियाच्या, पोलंडच्या मुलांबरोबर पाळते.

शेजारच्या हिंदुस्थानी मंडळींचेही उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. सुरिनाम १९७५ साली स्वतंत्र झाला त्याच्या आसपास तेथील हजारो लोक हॉलंडात आले. त्यांची घरची बोली सरनामी. तिला ते स्वतःच मोडकीतोडकी समजत. जीत नारायण ह्या कवीने १९७७ पासून सरनामीत कवितासंग्रह काढले, १९८६ साली तिचे लेखन नियमबद्ध झाले, आणि १९८७ साली थेओ दामस्तेख्त ह्या डच अभ्यासकाबरोबर त्याच कवीने तिचे पाठ्यपुस्तक तयार केले. कविता आधी आली आणि पाठ्यपुस्तक दहा वर्षांनी. मराठीच्या पाठीशी तर कित्येक शतकांचे वाङ्मय उभे आहे.

सरकारी मदतीची वाट पाहू नये हेही सांगितले पाहिजे. परदेशांतून आलेल्या कामगारांच्या मुलांना त्यांची भाषा शाळेत शिकविण्याची योजना येथे १९७० च्या दशकात सुरू झाली, १९९८ मध्ये तिचे नाव व रूप बदलले, आणि २००४ मध्ये ती बंद झाली. तुर्की आणि अरबी वर्गांचे ओझे तेव्हा घरांवर व मंडळांवर पडले. मराठीचे ओझे पहिल्यापासून घरावरच होते, तेव्हा आपले नवे असे काही गेले नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे? डचसाठी माझी पहिली शिफारस नेहमी एकच असते: आनी एम. जी. श्मिट ह्यांची 'यिप आणि यानेके'. 'हेत पारोल' ह्या वृत्तपत्रात १९५२ पासून आलेल्या ह्या छोट्या गोष्टी, फीप वेस्टेनडोर्प ह्यांच्या काळ्या छायाचित्रांसह. शेजारशेजारची दोन मुले कुंपणाच्या भोकातून प्रथम भेटतात आणि मग रोज काही ना काही उपद्व्याप करतात. वाक्ये इतकी सुटसुटीत की सोप्या भाषेला डचमध्ये 'यिप-यानेकेची भाषा' असेच म्हणतात. राजकारणी लोक तो शब्द थोड्या हेटाळणीनेही वापरतात, पण त्यांनी एकदा तरी तसे लिहून दाखवावे! गोष्ट दोन पानांची असते. आईने किंवा वडिलांनी ती आपल्या डचमध्ये, चुकतमाकत का होईना, मोठ्याने वाचावी. मुलाने उच्चार दुरुस्त केला तर करू द्यावा. त्याला त्यात फार आनंद होतो. मग पुस्तक मिटून तीच गोष्ट मुलाने आजीला मराठीत सांगावी. आजीला डच येत नाही ही येथे अडचण नसून सोय आहे, कारण मुलाला सांगणे भाग पडते. सांगताना ते अडेल. 'कुंपण' हा शब्द त्याला ठाऊक नसेल. आजी तो देईल. तो शब्द मग दोन्ही भाषांत पक्का होतो, कारण त्याला भोक आहे आणि भोकात यिप आहे.

उलट दिशेनेही हेच करावे. मराठी गोष्ट घरी ऐकायची आणि शाळेत डचमध्ये सांगायची. शिक्षकांना आधी चिठ्ठी लिहून कळवा. बहुतेक जण आनंदाने वेळ देतात. अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे ह्यांची 'राधाचं घर' ही पुस्तके आणा. वाचू लागलेल्यांसाठी त्यांचेच 'वाचू आनंदे'. ह्या बाईंनी पुण्यात फ्रेंच शिकविले आहे, आणि परभाषा शिकविणाऱ्याला आपल्या भाषेतील अडथळेही कसे नेमके दिसतात ते ह्या पुस्तकांत जाणवते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही पळवतो. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचायला मिळतात, म्हणजे मुंबईहून कोणी येईपर्यंत थांबण्याचेही कारण उरले नाही. 'श्यामची आई' मात्र मुलाच्या हाती एकदम देऊ नये. ती मोठ्या माणसाने वाचून दाखवावी, आणि वाचताना कंठ दाटला तर थांबावे. मूल त्यावरूनही पुष्कळ शिकते.

देवनागरी कधी सुरू करावी असेही विचारतात. डच लिपी हाती बसल्यावर, म्हणजे साधारण सातव्या-आठव्या वर्षी, असा माझा अनुभव आहे. तोपर्यंत ऐकणे आणि सांगणे चालू ठेवावे. सुरुवात तक्त्यावरील 'अ'ने न करता मुलाच्या स्वतःच्या नावातील अक्षरांनी करावी, मग घरातील माणसांची नावे, मग त्या अक्षरांतून होणारे शब्द. 'ल' आणि 'ळ' ह्यांकडे आरंभीच लक्ष द्यावे, कारण डच कानाला 'वेल' आणि 'वेळ' सारखेच ऐकू येतात. 'क' आणि 'ख' ह्यांचेही तसेच. एक दिलासा असा की डचमधील प, त, क हे आपल्यासारखेच श्वास न सोडता उच्चारतात. त्यामुळे त्या बाबतीत आपल्या मुलांना दोन्हीकडे वेगळे काही करावे लागत नाही. दिवसाला दहा मिनिटे पुरतात. अकरावे मिनिट मुलाने मागितले तरच द्यावे.

जोडाक्षरांपाशी बरीच मुले थबकतात, विशेषतः 'र' जेव्हा 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र' आणि 'वाऱ्यावर' अशी चार रूपे घेऊन येतो तेव्हा. त्याचा विचार पुढील अंकी करू. ज्यांच्या घरी मुले ह्या टप्प्यावर आली असतील त्यांनी अडणारे शब्द लिहून धाडावेत. शक्यतो मुलाच्याच हस्ताक्षरात.